डेमन स्लेयर : दाकीला कुणी बिघडवलं? (स्पॉयलर भरपूर)

कंदिलवाला

ज्यांचा 'डेमन स्लेयर' या जपानी ॲनिमे मालिकेचा एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट आर्क (कथेचा एक सलग टप्पा) पाहून व्हायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं. शेवटासकट सगळं उघड करणार आहे.

'सगळ्यात जास्त रडवणारे खलनायक' अशा याद्यांमध्ये ग्यूतारो आणि दाकी ही भावाबहिणीची जोडी कायम वरच्या नंबरात असते. त्याखालचे प्रतिसादही ठरलेले. एक गट म्हणतो, बिचारी पोरं, जगानेच त्यांना राक्षस केलं. दुसरा म्हणतो, २२ हाशिरा मारलेत त्यांनी, कसली बिचारी? (हाशिरा म्हणजे राक्षसांना मारणाऱ्या दलातले सगळ्यात वरचे योद्धे. हिशोब असा: ग्यूतारोने १५, दाकीने ७.) मला दोन्ही गटांशी भांडायचंय. दोघांचंही बोलणं असं असतं, जणू ही दोन माणसं नाहीतच, एकच पात्र आहे. जगाने या दोघांचं वाटोळं केलं हे खरंच. पण या आर्कमधली मला छळणारी गोष्ट ती नाही. भावाने बहिणीचं काय केलं, आणि तेही जीव लावून, ही ती गोष्ट.

विसरलेल्यांसाठी पटकन उजळणी. काळ तैशो, म्हणजे १९१२ ते १९२६ मधलं जपान. जागा तोक्योतली योशिवारा, सरकारमान्य वेश्यावस्ती. साउंड हाशिरा तेन्गेन उझुईच्या तीन बायका तिथे हेरगिरीला गेल्या आणि त्यांची पत्रं यायची थांबली, म्हणून तो नायक तांजिरो (राक्षस झालेल्या बहिणीला, नेझुकोला, पेटीत घालून पाठीवर वागवणारा) आणि त्याचे साथीदार झेनित्सु, इनोसुके यांना पोरींच्या वेशात तीन वेगवेगळ्या घरांत घुसवतो. तिथली सगळ्यात नावाजलेली ओइरान (वरच्या दर्जाची वेश्या) वाराबिहिमे, तीच अप्पर मून सिक्स दाकी. अप्पर मून म्हणजे राक्षसांचा मालक मुझान याचे सगळ्यात ताकदवान सहा राक्षस. किमोनोवरच्या ओबीचे पट्टे हे तिचं हत्यार आणि तिचं कोठारही. आवडलेली माणसं त्यात कोंडून ठेवते, भूक लागली की खाते.

तेन्गेन येतो आणि तिचं मुंडकं उडवतो, इतक्या सहज की त्याला स्वतःलाच शंका येते. अप्पर मून म्हणवणारी एवढी कच्ची? आणि मग दाकी आपलं तुटलेलं डोकं मांडीवर घेऊन भोकाड पसरते. पाय आपटत, लहान पोरीसारखं. दादाला हाका मारते. तेव्हा तिच्या पाठीतून ग्यूतारो बाहेर पडतो. बाहेर आल्या आल्या तो लढायला जात नाही हे बघा. आधी तिचं डोकं जागेवर बसवतो, डोळे पुसतो, एवढा गोड चेहरा रडून खराब करू नको म्हणतो. या प्रसंगात मियुकी सावाशिरोचा आवाज क्षणात ओइरानचा माज टाकून सात वर्षांच्या मुलीचा होतो. र्‍योता ओसाकाने ग्यूतारोला दिलेला तो घोगरा, शब्द लांबवत जाणारा आवाज तर कानातून जात नाही. हिंदीत डब केलेलं पाहिलं असेल तर एवढा एक भाग तरी जपानीत बघा.

आता त्यांचं माणूसपण. योशिवारातली सगळ्यात खालची ओळ म्हणजे राशोमोन-गाशी. तिथे पोर म्हणजे खाणारं एक तोंड, त्यामुळे ग्यूतारोच्या आईने त्याला पोटात असताना आणि जन्मल्यावरही मारायचा प्रयत्न केला. तो मेला नाही. उंदीर, साप, किडे खाऊन जगला. कुणा गिऱ्हाइकाने विसरलेला विळा हे त्याचं खेळणं. चेहऱ्यावर डाग, अंगाला घाण वास, जो तो दगड मारणार. अशात बहीण झाली, आणि ती इतकी देखणी की मोठी माणसंही बघत राहायची. आई ज्या रोगाने मेली त्या रोगावरून पोरीचं नाव पडलं उमे. हीच पुढची दाकी. ग्यूतारोच्या आयुष्यात पहिल्यांदाच अशी एक गोष्ट आली जिचा त्याला गर्व वाटला.

पुढे तो कर्जवसुलीच्या कामाला लागला. भांडणात त्याला कुणी हरवू शकत नव्हतं आणि ज्या थोबाडाला लोक शिव्या द्यायचे तेच धंद्याच्या उपयोगी पडलं. इथेच त्याचं तत्त्वज्ञान पक्कं झालं. आपल्याकडून कुणी काही घ्यायच्या आत आपण घ्यायचं. आपल्याला जे मिळालं नाही त्याची वसुली दुसऱ्यांकडून करायची. हेच त्याने बहिणीला शिकवलं. ती १३ वर्षांची असताना एका सामुराईच्या डोळ्यात तिने केसांतला काटा खुपसला. त्याचा सूड म्हणून तिला बांधून जिवंत जाळलं. ग्यूतारो कामावरून परत आला तेव्हा ती खड्ड्यात कोळसा होऊन पडलेली, पण श्वास चालू. मागून सामुराईने त्याच्यावरही वार केला, आणि ही सगळी व्यवस्था कुंटणखान्याच्या मालकिणीने केली होती, कारण तिला हा डोईजड झाला होता. त्याने दोघांनाही मारलं. सामुराईला मारायच्या आधी तो जे म्हणतो ते मला फार लागलं: रोज चांगले कपडे, पोटभर जेवण, डोक्यावर छप्पर, आणि एक डोळा काय गेला तर एवढा तमाशा?

मग बहिणीला पाठीवर घेऊन तो रस्त्याने चालत राहतो, कुणी दार उघडत नाही, बर्फ पडायला लागतो आणि समोर दोमा उभा राहतो. दोमा तेव्हा अप्पर मून सिक्स होता. तोच दोघांना रक्त देतो.

आता माझा मुद्दा. मरताना ग्यूतारोला एकाच गोष्टीचा पस्तावा होतो, आणि तो माणसं मारल्याचा नाही. त्याला वाटतं, ही पोर कुठल्याही रंगात चटकन रंगणारी होती. चांगल्या घरात असती तर मोठी ओइरान झाली असती, साध्या आईबापांकडे असती तर साधी मुलगी, सामुराईच्या घरात असती तर खानदानी बाई. माझ्या हाताखाली वाढली म्हणून अशी झाली. मी तिला वसुली शिकवली नसती, गप राहायला शिकवलं असतं, तर तिने तो काटा उचलला नसता. म्हणजे तिच्या जळण्याचं खापर तो सामुराईवर फोडत नाही, स्वतःवर घेतो. एवढं लख्ख स्वतःला ओळखणारा दुसरा राक्षस या मालिकेत मला आठवत नाही.

आणि म्हणून मला दाकीची दया येते ती जाळल्यामुळे कमी आणि यामुळे जास्त: शंभरावर वर्षं राक्षस म्हणून जगून ती १३ वर्षांचीच राहिली, कारण दादा सतत पाठीत होता. अक्षरशः पाठीत.

---

झिपरी

कंदिलवाले, लिहिलंय छान, पण मी रडले नाही, मला राग आला. डेमन स्लेयरचा हा जुनाच खेळ आहे. राक्षसाचं मुंडकं उडालं की लगेच फ्लॅशबॅक, बर्फ, व्हायोलिन. रुईला तेच, अकाझाला तेच. जिवंत असताना एकाही राक्षसाचं दुःख कथेला अडवत नाही. मेल्यावर दुःख दाखवायला काही लागत नाही, कारण आता नायकाला निर्णय घ्यायचाच नाहीये. खरी हिंमत असती तर ही कहाणी लढाईच्या मधे आली असती आणि तांजिरोला ती ठाऊक असताना तलवार चालवावी लागली असती.

---

खिडकीतला बोका

झिपरीला +१.

(मी अजून पहिला सीझनच बघतोय. स्पॉयलरची सूचना वाचूनही खाली आलो. आता कुणाला दोष देऊ?)

---

कंदिलवाला

झिपरी, व्हायोलिनबद्दल मान्य. पण या आर्कमध्ये अर्धी कहाणी लढाईच्या मधेच येते, फक्त शब्दांत नाही. ग्यूतारो तेन्गेनला पहिल्यांदा बघतो तेव्हा काय करतो आठव. याचा देखणा चेहरा, उंची, पोटावर मांस, आणि तीन बायका ऐकल्यावर तर तो नखांनी स्वतःचा चेहरा रक्त येईस्तोवर ओरबाडतो. तो भूतकाळ सांगत नाहीये, पण सगळं सांगून टाकतो.

दुसरा प्रसंग दहाव्या भागातला. सगळे पडलेत, तांजिरो एकटा शुद्धीवर आहे, आणि ग्यूतारो त्याची बोटं मोडता मोडता त्याच्याशी जवळजवळ प्रेमाने बोलतो. तू किती केविलवाणा आहेस, मला केविलवाणी माणसं आवडतात, बहिणीला पेटीत घालून पाठीवर वागवतोस ना? राक्षस हो, तुझ्या बहिणीखातर तुला सोडतो. फ्लॅशबॅक माहीत नसताना हा नुसता छळ वाटतो. दुसऱ्यांदा बघताना कळतं की दोमाने त्याला दिलेलाच सौदा तो पुढे करतोय. त्याच्या लेखी याहून मोठी मेहेरबानी नाही.

---

उंबरठा

तोक्योत राहते, निशी-कासाईला. इथे आपली मराठी मंडळी बरीच आहेत आणि पाहुणे आले की हल्ली पोरांचा पहिला हट्ट असतो, 'डेमन स्लेयरवालं योशिवारा' दाखव. दाखवण्यासारखं फार काही उरलेलं नाही, म्हणून जे आहे ते लिहिते.

मूळ योशिवारा १६१७ च्या परवानगीने निहोम्बाशीजवळ वसलं. १६५७ च्या मेइरेकीच्या प्रचंड आगीनंतर ते असाकुसाच्या मागे हलवलं, तेच मालिकेतलं. चौकोनी वस्ती, चारी बाजूंनी काळ्या पाण्याचा खंदक, आणि ये-जा करायला मोठा दरवाजा एकच. गिऱ्हाइकांना अडकवायला नव्हे, बायका पळू नयेत म्हणून. दरवाज्याकडे येणारा रस्ता मुद्दाम वळवलेला, बाहेरून आतलं दिसू नये यासाठी. ते वळण आजही तसंच आहे आणि जवळच चौकात 'मागे वळून बघायचं' विलोचं झाड आहे, मूळ नव्हे, त्याच्या वंशातलं. परतणारी गिऱ्हाइकं तिथून एकदा मागे बघायची म्हणे.

राशोमोन-गाशी मूळ मांगाच्या लेखक गोतोगेंनी रचलेली जागा नाही, खरीच होती. खंदकाच्या कडेने, पूर्वेच्या अंगाला. मुख्य रस्त्यावर दाराशी कंदील लावलेली मोठी घरं आणि मागे खंदकाला लागून एकेका खोलीची खुराडी, जिथे आजारी, वय झालेल्या बायका उरलेल्या दिवसांसाठी यायच्या. युफोटेबलने (मालिका बनवणारा स्टुडिओ) मुख्य रस्ता असा काही रंगवलाय की डोळे दिपतात. मला वाटतं तो झगमगाट हेच या आर्कचं सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घसरडं काम आहे. नऊ-दहा भाग आपण पर्यटकासारखे वरचा रस्ता बघतो, आणि शेवटच्या भागात पाच मिनिटांसाठी मागची गल्ली.

मिनोवा स्टेशनच्या जवळ जोकान-जी नावाचं देऊळ आहे. त्याला 'टाकून देण्याचं देऊळ' म्हणायचे. १८५५ च्या भूकंपात मेलेल्या योशिवाराच्या बायकांना तिथे पुरलं, आणि एरवीही ज्यांचं कुणी नव्हतं त्यांना तिथेच आणून टाकायचे. २५ हजार असा आकडा सांगतात. मागच्या अंगणात त्यांच्यासाठी स्मारक आहे, लोक अजून तिथे कंगवे, लिपस्टिक ठेवतात. १९२३ च्या भूकंपात आग लागली तेव्हा शेकडो जणींनी योशिवारातल्याच तळ्यात उड्या टाकल्या आणि त्यातच गेल्या. शेवटी १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून पुरता लागू झाला, आणि राजरोस धंदा बंद पडला.

हे सगळं डोक्यात असेल तर दाकीच्या बाबतीत एक गोष्ट विचित्र वाटते. जिथे जळाली, तिथेच ती शंभर वर्षं राहिली. दर काही वर्षांनी नवं नाव, नवा चेहरा, पण गाव तेच. अप्पर मूनला जपानभर कुठेही जाता आलं असतं.

---

सांडगी मिरची

उंबरठा, शेवटचा परिच्छेद भारी. वर राहायला आलीय ती, मागच्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर. जिथे तिला जाळलं त्या गावाची राणी.

कंदिलवाले, तुमच्याशी मात्र भांडण आहे. तुमच्या धाग्याचं शीर्षकच मला पटत नाही. तेरा वर्षांची मुलगी, वेश्यावस्तीत, समोर सामुराई गिऱ्हाईक. तिने त्याच्या डोळ्यात काटा खुपसला. यात 'बिघडणं' कुठे आलं? तिच्याकडे दुसरा कुठला इलाज होता? ग्यूतारो म्हणतो की गप राहायला शिकवलं असतं तर ती वाचली असती. हो, वाचली असती आणि दहा-बारा वर्षांनी उंबरठा सांगतेय त्या देवळात गेली असती. भावाचा पस्तावा ऐकून तुम्ही डोळे पुसताय, पण त्या पस्ताव्याचा अर्थ असा होतो की मुलीने मुकाट सोसलं असतं तर बरं. तो भाऊ आहे, त्या घडीला त्याला तसं वाटणारच. आपण का मान्य करायचं?

तिचा दोष मी नंतरचा मानते. राक्षस झाल्यावर तिने सामुराई नाही खाल्ले. आपल्यासारख्याच विकल्या गेलेल्या पोरी खाल्ल्या, कर्जात अडकलेल्या, पळायचा विचार करणाऱ्या. पळून गेली असं भासवलं की कुणी शोधायला जात नाही, हा वस्तीचा नियम तिला आतून माहीत होता आणि तो तिने वापरला. क्योगोकू घराच्या मालकिणीची गोष्ट आठवतेय? ती सांगायला जाते की माझ्या लहानपणी एका म्हातारीकडून ऐकलं होतं, पूर्वीही अशीच नावात 'हिमे' लावणारी, चिडली की मान तिरकी करून खालून बघणारी ओइरान होती. दाकी तिला उंचावरून फेकून देते. ते भावाने शिकवलेलं नाही. तो त्या वेळी झोपलेला होता.

---

पिवळा टेंपो

वा! धागा तापला. खुर्ची ओढून बसतो.

---

कंदिलवाला

सांडगी मिरची, काट्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य करायला माझी हरकत नाही. तो काटा मीही बिघाडात धरत नाही. पण मालकिणीच्या बाबतीत असहमत. तो झोपलेला होता हे खरं, पण ती वागते ते त्याच्याच सूत्राने. हिच्यामुळे माझं काही जाऊ शकतं, तर आधी मीच हिचं घेते. वसुलीचं सूत्र सामुराईवर चालवलं की आपण टाळ्या वाजवतो, मालकिणीवर चालवलं की हादरतो. सूत्र तेच असतं. त्याला समोर कोण आहे याचं काही नाही.

---

रातकिडा_नागपूर

इथे कुणी तेन्गेनचं नावच काढलं नाही, म्हणून लिहितो. भावंडांची जोडी म्हटलं की सगळे तांजिरो-नेझुको विरुद्ध ग्यूतारो-दाकी एवढंच बोलतात. या आर्कमध्ये तिसरं घर आहे. शिनोबी कुळातली नऊ भावंडं, तेन्गेन पंधराचा व्हायच्या आत सात गेली. बापाच्या तालमीत. चेहरे झाकून पोरांना एकमेकांशी झुंजवलं, तेन्गेनने ज्यांना मारलं ती सख्खी भावंडं होती हे त्याला नंतर कळलं. उरलेला एक भाऊ हुबेहूब बापासारखा थंड. मी तसा होणार नाही म्हणून तो बायकांना घेऊन बाहेर पडला.

आणि याच माणसाला ग्यूतारो म्हणतो की तू जन्मतःच निवडलेला आहेस, म्हणून तुझी घृणा येते. तेन्गेन त्यावर हसतोच. मी निवडलेला असतो तर इतके जीव माझ्या हातून निसटले असते का, असं काहीतरी म्हणतो. ग्यूतारोच्या हिशोबात सुंदर चेहरा म्हणजे सुखी माणूस, कारण राशोमोन-गाशीतून वर बघताना तसंच दिसतं. समोर आपल्यासारखंच घर जळालेला माणूस उभा आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. झिपरीला जे हवं होतं, लढाईच्या मधे दुःखाची टक्कर, ती इथे आहे की.

---

झिपरी

रातकिडा, हा मुद्दा चांगला आहे. पण ती टक्कर तेन्गेनशी झाली, नायकाशी नाही. तांजिरोला कळतं ते मुंडकी उडाल्यावर. मी माझ्या जागी ठाम.

---

सोलकढी

माझा लेक सातवीत आहे आणि त्याच्या वर्गातली निम्मी मुलं ही मालिका बघतात. पहिला सीझन त्याच्यासोबत पाहिला, आवडला. हा आर्क त्याला दाखवावा का, हे विचारायला आले होते आणि इथे वेश्यावस्ती, जिवंत जाळणं वगैरे वाचून हबकलेय. खरंच एवढं थेट आहे का?

---

उंबरठा

सोलकढीताई, हा वाद इथे जपानातही झाला होता. २०२१ च्या फेब्रुवारीत सीझन जाहीर झाला तेव्हा पालक मंडळी विचारत होती, पोराने 'युकाकु (वेश्यावस्ती, सीझनच्या जपानी नावातला शब्द) म्हणजे काय' विचारलं तर काय सांगायचं? मग डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ असे ११ भाग रात्री उशिराच दाखवले, नंतर बघायचे ते बघतातच.

लैंगिक असं पडद्यावर काही नाही. योशिवारा बराचसा नाचगाण्याच्या झगमगाटासारखा दाखवलाय, तेन्गेनच्या बायकांचे कपडे सोडले तर आक्षेप घ्यावा असं कमी. रक्त मात्र मुबलक, मुंडकी, हात, सगळं. आणि उमेचं जळलेलं शरीर काही क्षण का होईना दिसतं. माझ्या मते सातवीच्या मुलासोबत तुम्ही बसून पाहा, एकट्याला नको. कर्जासाठी मुली विकल्या जायच्या एवढं सांगितलं तर मुलांना कळतं.

---

पिवळा टेंपो

आता माझं मत, एवढं वाचल्यावर. तुम्ही भाऊ, बहीण, सामुराई सगळ्यांना कोर्टात उभं केलंत, मुझान मोकाटच.

आर्कच्या सुरुवातीला मुझान दाकीला काय म्हणतो? तू सुंदर आहेस, क्रूर आहेस, तू खास आहेस, तुझ्याकडून फार अपेक्षा आहेत. ती लाजून लाल. पुढच्या सीझनच्या (स्वोर्डस्मिथ व्हिलेज आर्क) पहिल्या भागात अप्पर मूनची बैठक भरते. ११३ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यातलं कुणी मेलंय. तेव्हा हाच मुझान म्हणतो, दाकी लोढणंच होती, ग्यूतारो सुरुवातीपासून लढला असता तर जिंकला असता. आणि वर तत्त्वज्ञान, की ज्यांच्यात माणूसपण जास्त उरलंय तेच हरतात.

म्हणजे बघा, तिला सगळ्यांनीच रूपावर जोखलं. मालकिणीने, सामुराईने, मुझानने. 'लोढणं' म्हणणारा मालक आणि पाठीवर घेऊन फिरणारा भाऊ यात फरक आहे राव. कंदिलवाले भावाला दोषी ठरवतायत ते मला म्हणूनच जड जातं. ज्या लढाईत दोघांची मुंडकी एकाच वेळी उडाल्याशिवाय मरण नाही, तिथे ग्यूतारोने आपलं मरण तिच्या गळ्याला बांधून घेतलंय. आपला एक डोळाही तिला देऊन तिच्यासोबत लढतो. हुशार योद्धा असं करणार नाही. मुझानचं गणित बरोबरच आहे, फक्त ते गणित ग्यूतारोला करायचंच नव्हतं.

बैठकीत दोमा काय करतो ते तर विसरूच नका. माफी मागतो, डोळे काढून देऊ का विचारतो, चेहऱ्यावर तेच हसू. ज्याने त्या बर्फात दोन पोरांना 'वाचवलं', त्याला त्यांच्या मरणाचं काडीचं दुःख नाही. त्यांच्यावर दया दाखवणारा एकमेव माणूस असा निघावा!

---

खिडकीतला बोका

ठरलं. तीन सीझन एका आठवड्यात संपवतो. (सप्टेंबर २०२५ ला याच मालिकेचा इन्फिनिटी कॅसल सिनेमा थेटरात लागला तेव्हा मित्रांसोबत हिंदीत पाहिला होता, कोण कुणाचा काही कळलं नव्हतं. आता दोमा कोण ते कळलं.)

---

कंदिलवाला

टेंपो, लोढण्याचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तुम्ही जास्त चांगला मांडलात. पण मी भावाला आरोपी करत नाहीये. त्याने स्वतःच स्वतःला केलंय, मी फक्त त्याचं ऐकून घेतोय.

झिपरीच्या तक्रारीकडे पुन्हा येतो, कारण 'मेल्यावरची दया' या आर्कमध्ये नेमकी कशी आहे ते पाहिलं पाहिजे. दोन तुटलेली मुंडकी समोरासमोर पडलीत आणि ती भांडतायत. दाकी म्हणते, तू मदतच केली नाहीस, तू इतका कुरूप आहेस की आपण सख्खे असूच शकत नाही. ग्यूतारो चिडून म्हणतो, तू नसतीस तर माझं आयुष्य बरं झालं असतं, तू जन्मालाच... आणि तिथे तांजिरो धडपडत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवतो. हे खोटं आहे, तुला असं वाटत नाही. जगात तुम्ही दोघंच एकमेकांचे आहात. तुम्हाला कुणी क्षमा करणार नाही. ज्यांना मारलंत ते सगळे तुम्हाला शिव्याशाप देतील. म्हणून निदान तुम्ही तरी एकमेकांना देऊ नका.

यात माफी नाही. तांजिरो माफ करायच्या पदावर जातच नाही, आणि मेलेल्यांच्या वतीने तर नाहीच. त्याला एवढंच ठाऊक आहे की पाठीवर बहिणीला वागवणाऱ्या भावाने ते एक वाक्य पूर्ण केलं तर मग त्याच्याकडे काहीच उरणार नाही. कारण तो स्वतः तसाच भाऊ आहे. याच आर्कमध्ये नेझुको रक्ताच्या वासाने बेभान होते, तेव्हा तिला आवळून धरून आईची अंगाई म्हणतो, आणि ती लहान पोरासारखी रडून झोपते. दाकीचं भोकाड आणि नेझुकोचं रडणं जवळजवळ लागोपाठच आहे. एकीला भाऊ 'चल, आता यांची वसुली करू' म्हणतो, दुसरीला झोपवतो. फ्लॅशबॅक वगळला तरी ही तुलना पडद्यावर घडते आहे, आणि ती दोघांची मुंडकी शेवटची उडायच्या बरीच आधी घडते आहे.

---

सांडगी मिरची

तुलना सुंदर आहे. तरी मला शेवटचा शब्द हवाय. :)

तुम्ही सगळे ग्यूतारोच्या नजरेने बघताय, कारण फ्लॅशबॅक त्याचाच आहे. त्याच्या मते ती कुठल्याही रंगात रंगणारी. आता मृत्यूनंतरचा अंधार आठवा. उमे तेरा वर्षांची झालेली, राक्षस नाही, मानेवर काही नाही. ती म्हणते, मघाशी बोलले ते खरं नव्हतं, हरल्याचा राग आला होता. भाऊ म्हणतो, मी इकडे जातो, तू उजेडाकडे जा, आता आपण भाऊबहीण नाही. हे त्याने आयुष्यात तिला दिलेलं एकमेव चांगलं वळण, पस्तावून दिलेलं. रंगणारी पोर असती तर ऐकलं असतं तिने. ती त्याच्या पाठीवर उडी मारते आणि हाता-पायांनी घट्ट धरून भांडते. किती जन्म घेतले तरी तुझीच बहीण होणार, मला टाकलंस तर माफ करणार नाही, आपण एकत्र राहायचं वचन दिलं होतंस. शेवटच्या भागाचं नावच त्यावरून आहे. भाऊ तिला घेऊन ज्वाळांत जातो.

दादाच्या शब्दाबाहेर जाऊन तिने काही केलेलं मला तरी एवढंच सापडतं. आणि ते तिने पूर्ण शुद्धीत, मरण माहीत असताना केलंय. मूर्खपणा म्हणा हवं तर. पण तिचा स्वतःचा.

---

रातकिडा_नागपूर

सांडगीताई, इथे मी तुमच्याकडून. पण एक शंका. ते वचन तिला कुणी दिलं होतं? बर्फात, गवताच्या चटईत गुंडाळून, 'आपण दोघं मिळून अजिंक्य आहोत, थंडी-भूक काही वाटत नाही' हे भावानेच सांगितलं होतं ना? मग ती पाठीवर चढली ते तिच्या मनाने की त्याच्या शिकवणीने?

---

सांडगी मिरची

दोन्ही असू शकतं की. मला आईने शिकवलेलं मी आईविरुद्ध वापरतेच. :)

---

झिपरी

मी अजूनही म्हणते फ्लॅशबॅक उशिरा आला. पण तोंडावर हात ठेवण्याच्या प्रसंगाला सूट देते, तिथे फ्लॅशबॅक अजून सुरूही झालेला नसतो आणि तरी तो चालतो.

कोकुशिबोचा (अप्पर मून वन) विषय कुणी इथे काढू नका. जुळ्या भावाचा मत्सर ही वेगळी भानगड आहे, त्याचा सिनेमा येऊ दे, धागा मी काढते.

---

पिवळा टेंपो

झिपरीबाई, शीर्षकात स्पॉयलर लिहा. बोका येणारच आहे.